दारफळणीला दादा बाहेर

कोल्हापुरात दिवसाढवळ्या एखादं दार लावलेलं दिसलं की लोकांच्या मनात दोनच शक्यता येतात. घरात कुणीतरी गेलंय, नाहीतर घरातून कुणीतरी पळून गेलंय. दार लावण्याला तिसरंही काही कारण असू शकतं, हे आमच्या गल्लीला पटवून देण्यात आईची हयात गेली.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून तिकडं त्यांना शनवार तेली म्हणत. वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. बदली होऊन कोल्हापूरला आले आणि पुढची प्रत्येक बदली त्यांनी हातापाया पडून रद्द करून घेतली. त्याचं कारण तांबडा-पांढरा रस्सा हे होतं असा माझा पक्का संशय आहे. मटणाबरोबर दूध खायचं नाही हा आमचा नियम. पण पांढऱ्या रश्श्यात दूध असतं ते नारळाचं, त्यामुळं धर्म आणि जीभ दोघंही इथं सुखानं नांदले. मटण कुणी आणि कसं कापलं याची चौकशी मात्र बाबा फार खोलात जाऊन करत नसत.

आमच्या सणांची पोथीतली नावं हिब्रू, पण घरातली नावं मराठी. नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण. यांतला सगळ्यात कडक दारफळणीचा. वर्षभरात जे चुकलं त्याची देवाकडं माफी मागायची. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, पांढरे कपडे घालायचे आणि दार लावून घ्यायचं, ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत. मध्ये अन्न नाही, पाणी नाही, पायात चामडं नाही आणि कुणाला घरात घ्यायचं नाही. आईचं आणखी एक म्हणणं होतं, की घरातली वारलेली माणसं त्या दिवशी घरी येऊन बसतात. समोरच्या काकींनी एकदा तिला विचारलं होतं, "मग दार लावल्यावर ती येनार कुठनं वो?" आई म्हणाली, "आधीच येऊन बसलेली असतात. म्हणून तर लावायचं." काकींना ते लगेच पटलं.

या काकी म्हणजे आमच्या गल्लीचं आकाशवाणी केंद्र. समोरच त्यांचं घर आणि घराला लागून म्हशींचा गोठा. सकाळ-संध्याकाळ लोक तांब्या घेऊन दुधाला येतात आणि दुधाबरोबर बातम्या घेऊन जातात. काकींना हळू बोलता येत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त सर राहतात, मूळचे जयसिंगपूरचे, जैन. त्यांना हळूच बोलता येतं, पण त्याचा इथं काही उपयोग नाही.

बाबा गेल्यावर राहिलो मी आणि आई. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. लग्न केलं नाही; त्याची कारणं गल्लीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. आई आता खूप थकली आहे, कानांनी कमी ऐकते, पण डोकं माझ्यापेक्षा तल्लख आहे. आणि ठाण्याला माझा थोरला भाऊ, दादा.

दादाला निवृत्तीनंतर धर्म सापडला. नोकरीत असताना त्याला सण आठवायचे ते आईच्या हातच्या पुऱ्यांमुळं. आता त्याच्या इमारतीपासून प्रार्थनामंदिर चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथं व्याख्यानं होतात, आणि व्याख्यानं ऐकणाऱ्या माणसाला काही दिवसांनी स्वतः व्याख्यान द्यावंसं वाटतंच. ठाण्यात कुणी ऐकेना, म्हणून तो आईला द्यायला लागला. रोज सकाळी फोनवर एक बोललेला निरोप यायचा. विषय कायम एकच: सणाचा आत्मा रोजच्या जगण्यात कसा उतरवावा. सण वर्षातून एकदा पाळून भागत नाही, तो दररोज पाळला पाहिजे, वगैरे.

आईला कमी ऐकू येतं, त्यामुळं ती फोनचा आवाज असेल तेवढा वाढवून दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसायची. नेमकी दुधाची वेळ. म्हणजे दादाच्या निरोपांना त्याला स्वप्नातही मिळाले नसते इतके श्रोते कोल्हापुरात मिळाले. लोक तांब्या भरून घेऊनही रेंगाळायचे.

एकदा काकी म्हणाल्या, "आत्मपरीक्षण म्हंजी काय ओ सर? ह्यांचा पोरगा रोज सांगतोय, दात घासल्यावर करा म्हनून."

"आपण काल कसे वागलो ते आज बघायचं," सर म्हणाले. "आमच्याकडंही आहे."

सरांचं हे पालुपद. दादानं काहीही सांगितलं तरी ते त्यांच्याकडं आधीपासून असायचंच. उपास? आहे. क्षमा मागणं? आहे. पाणीसुद्धा न पिणं? ते तर विचारूच नका.

आत्मपरीक्षणाचा परिणाम असा झाला, की दुसऱ्या दिवशी काकींनी दूध घालता घालता मोठ्यानं सांगितलं, काल कुणाच्या दुधात किती पाणी गेलं ते. ज्यांच्या दुधात गेलं होतं ते रांगेतच उभे होते. भांडण दुपारपर्यंत चाललं. दादाला हे कळवावंसं मला फार वाटलं, पण आईनं नको म्हटलं.

भाद्रपद संपता संपता दादाच्या निरोपांचा सूर बदलला. दारफळणी जवळ आली होती आणि त्या वर्षी ती नेमकी दसऱ्याच्या दिवशी येत होती. तो म्हणाला, "आई, तिथं तू एकटी पडली आहेस. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तुझ्याकडं एक नाही. दसऱ्याच्या गोंधळात तुझी दारफळणी काय होणार? मी येतो. एक सण तरी नीट होतो का ते माझ्या डोळ्यांनी बघतो. नाही झाला, तर पाठोपाठ येणाऱ्या खिरीच्या सणाला तू ठाण्यात असशील. कायमची."

मग त्यानं नियम सांगितले. चामडं नको, फोन नको, बडबड नको. "आणि एकदा दार लागलं की लागलं. कुणीही येऊ दे, अगदी रक्ताचं नातं असलं तरी उघडायचं नाही. सणात सवलत नसते."

काकींच्या हातातलं माप तसंच राहिलं.

आईनं फोन पदरानं पुसून बाजूला ठेवला. मला मात्र त्या दिवसापासून एकच प्रश्न छळायला लागला. आई ठाण्याला गेली तर या घरात मी कुणाशी भांडणार होते? लोक म्हणायचे, म्हाताऱ्या माणसाला लेकाकडंच बरं, तुझीही सुटका. मला सुटका नको होती, आई हवी होती. हे दादाला सांगायचं तर तो म्हणणार, स्वार्थ. आणि स्वार्थावर त्याचे निरोप आधीच येऊन गेले होते.

दसऱ्याचा आदला दिवस उजाडला; संध्याकाळी दार लागायचं होतं. दादा सकाळी ठाण्याहून बसनं निघाला. साताऱ्यापर्यंत त्याचे निरोप प्रसन्न होते. पुढं महामार्गाचं काम. ते काम आम्ही इतकी वर्षं बघतोय की ते आता रस्त्याचाच भाग वाटतं. दुपारी तो म्हणाला, गाडी अडकली आहे. नंतर म्हणाला, हलली. मग म्हणाला, पुन्हा अडकली, पण मी पोचतो, थांबा.

आईनं अंघोळ केली, पांढरं लुगडं नेसली. आम्ही भात-वरण जेवलो. तिनं दिवा लावला आणि खिडकीतून आभाळ बघितलं.

"लाव दार," ती म्हणाली.

"दादा येतोय. अर्ध्या तासात पोचेल."

"सूर्य थांबलाय का त्याच्यासाठी?"

मी दोन्ही फोन बंद केले आणि कडी लावली. आईनं पोथी उघडली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कळलं नाही. मुलगा महिनोन् महिने दिसत नाही, आणि आता तो वाटेवर असताना आपणच दार लावून बसलोय, याचं तिला काहीच वाटत नसेल असं नाही.

अंधार पडायला लागला आणि बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मी उठले. दादाचं पाऊल पायरीवर पडायच्या आत काकींचा आवाज आला.

"पावनं, कुनीकडं?"

"काकी, मी. ओळखलं नाही का?"

"वळखलं की. म्हनून तर इचारतोय. आज दार उघडत न्हाय. उद्या सांच्याला या."

"अहो, माझंच घर आहे. मी त्यांचा मुलगा."

"व्हय, तेंचा पोरगाच सांगत हुता रोज. रक्ताचं नातं असलं तरी उघडायचं न्हाय. सणात सवलत नसती." काकी थांबल्या, आणि मग जरा दुखावल्या आवाजात म्हणाल्या, "तुमीच सांगिटलंय न्हवं?"

दादानं बाहेरून हाक मारली, "आई!" आईनं पान उलटलं. मग त्यानं मला हाक मारली. माझा हात कडीपर्यंत गेला. आईनं पोथीतून डोळे वर न काढता नुसती मान हलवली. मी कडीवरचा हात काढला आणि, खरं सांगते, मला त्या क्षणी थोडा आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली. दारफळणीला माफी मागायला हेही एक पाप मिळालं.

बाहेर काकी आता दादाच्या पायांकडं बघत असाव्यात. "आन् पायात चामडं? काढा बघू. चामडं चालत न्हाय आज."

कोल्हापुरात येऊन पायातल्या चामड्याबद्दल बोलणी खाणारा दादा हा पहिलाच माणूस असेल. त्यानं बूट काढले असावेत, कारण मग काकी म्हणाल्या, "हितनं जपून या, शेण हाय." आणि त्याला त्यांच्या घरी घेऊन गेल्या. त्यांचा थोरला मुलगा नोकरीला पुण्याला असतो, त्याची खोली रिकामी होती. जाता जाता दादा म्हणत होता, मी काही खाणार नाही, पाणीही नको. काकी म्हणाल्या, "ठावं हाय सगळं. आमी काय आज ऐकतोय व्हय?"

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळपासून गल्लीत गाड्या धुण्याचे, म्हशी धुण्याचे आणि एकमेकांना धुण्याचे आवाज सुरू झाले. आमच्या दारावर बाहेरून काहीतरी खुडबुड झाली. सरांचा आवाज आला, "अहो, त्यांचा उपास आहे, तोरण कशाला?"

"दार बंद हाय, तोरनाला काय झालंय? सणाचं दार मोकळं बरं दिसत न्हाय," काकी म्हणाल्या, आणि पायरीवरच ठाण मांडून बसल्या.

त्यानंतर दिवसभर जे चाललं ते असं. आत आम्ही दोघी पांढऱ्या कपड्यांत, पोथी उघडून, शांतता राखत. बाहेर काकी आमची शांतता राखत, आणि ती राखण्याचा आवाज पार कोपऱ्यावरच्या तालमीपर्यंत जात होता. गॅसवाला आला. "आज घेत न्हाईत," काकी ओरडल्या, "आत पूजा हाय." कुरिअरवाला आला. त्याला सांगितलं, आत देव आल्यात. तालमीची माणसं दसऱ्याचा प्रसाद घेऊन आली तोवर काकींचं ज्ञान आणखी वाढलं होतं. "आज वर हिशोब चाललाय तेंचा. म्हातारी आत उभी हाय देवाम्होरं, आन् तुमी काय बत्तासं घिऊन आलाय!" ती माणसं म्हणे दाराला नमस्कार करून गेली.

आईला हे सगळं ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे. पण मधूनच तिचे खांदे हलायचे, आणि ते रडण्यानं नव्हे.

दादा समोरच्या अंगणात खाटेवर, पांढरे कपडे घालून, अनवाणी. मला खिडकीच्या फटीतून त्याचा गुडघा दिसत होता. दुपारी सर त्याच्या सोबतीला जाऊन बसले. दोघांची उपासावर चर्चा सुरू झाली. दादा म्हणाला, आमच्यात थेंबभर पाणीही चालत नाही. सर म्हणाले, आमच्याकडंही आहे, आणि एक दिवस नव्हे. दादा म्हणाला, पण आमच्यात त्याबरोबर नम्रता महत्त्वाची. सर म्हणाले, नम्रतेत तर आमचा हात कुणी धरणार नाही. नम्रतेवरून दोघांचे आवाज इतके चढले, की शेवटी काकींनी पायरीवरून दटावलं, "ए, हळू! आत प्रार्थना चालल्या!"

मग जेवणवेळ झाली. पुरणाचा वास आमच्या बंद दारातूनही आत आला. काकींनी नऊ दिवस नवरात्राचे उपास केले होते, आणि दसऱ्याला ते सुटायचे. घरातून त्यांच्या मालकांनी हाक दिली, ताटं करू का म्हणून.

"झाकून ठेवा," काकी म्हणाल्या. "सांच्याला."

"अगं, तुझा नऊ दिसाचा उपास—"

"नऊ झाले, धावा झाला तर काय बिघडलं? अंगनात मानूस उपाशी बसलाय. तेच्याम्होरं काय पोळी मोडायची?"

आई पोथीवर बोट ठेवून बसली होती, पण ते बोट पुढं सरकत नव्हतं. मला रडू आलं. उपासानं येतं तसलं नव्हे, चांगलं खरं रडू.

दिवस कलला. लोक सीमोल्लंघनाला चौकात गेले, गल्ली जरा निवली, आणि आई शेवटच्या प्रार्थनेला उभी राहिली. मी खुर्ची पुढं केली, तिनं ती मागं सारली. खिडकीतून पहिली चांदणी मी दाखवली. तिला ती दिसली असेल असं वाटत नाही, पण तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

"उघड," ती म्हणाली.

मी दार उघडलं आणि आम्ही दोघी तिथंच थांबलो. सीमोल्लंघन करून सगळी गल्ली परतली होती आणि आमच्या पायरीखाली उभी होती. प्रत्येकाच्या हातात सोनं, म्हणजे आपट्याची पानं. घरोघरी सोनं वाटायची वेळ आणि आमचं दार उघडायची वेळ एकच आली होती. आईच्या ओंजळीत पानं मावेनात. "सोनं घ्या मावशी, सोन्यासारखं ऱ्हावा," म्हणत लोक तिच्या पाया पडत होते, आणि बऱ्याच जणांना, मला वाटतं, देव आले म्हणजे नेमके कसे दिसतात ते बघायचं होतं.

सगळ्यात शेवटी दादा. डोळे खोल गेलेले, पायाला शेण. त्याच्याही हातात कुणीतरी पान दिलं होतं. त्यानं ते आईच्या हातावर ठेवलं आणि पायाशी वाकला. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मी मनुकांचं सरबत आणून त्याला आणि काकींना दिलं. त्यानं घोट घेतला, आणि दादाच तो, पुन्हा विषयावर आला.

"आई, सण नीट झाला की नाही, मला काही दिसलंच नाही. पण हा दंगा मी दिवसभर ऐकला. तिकडं चल. लिफ्ट आहे, प्रार्थनामंदिर जवळ आहे. आणि तिथं शांतता आहे."

काकी सरबताचा पेला धरून तशाच उभ्या राहिल्या. आई पायरीवर बसली, ओंजळ मांडीत रिकामी केली.

"शांतता आहे, ते खरं," ती म्हणाली. "मागं महिनाभर होते मी तुझ्याकडं. मजल्यावर चार दारं. एकदाही एक उघडं दिसलं नाही. तू रोज सांगतोस, सण रोजच्या जगण्यात आणा. तुझ्याकडं तो आणलेलाच आहे, बाळा. रोज दारफळणी. मग माझा सण आला, की मी तिथं लावू काय?"

एवढ्या वर्षांत मी त्याला व्याख्यानाशिवाय प्रथमच बघत होते. तो आईच्या शेजारी पायरीवर बसला. काकींनी पोळ्यांचं ताट आणलं, पहिली पोळी त्याच्या हातात दिली आणि दुसरी स्वतः मोडली. सर खाली आले.

पोळी संपवून दादा माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाला, "आमच्या समोरच्या दारात कोण राहतं, मला खरंच माहीत नाही गं."

"काय म्हनाले?" काकींनी विचारलं.

मी सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागलं, आईलाही ऐकू जायला हवं होतं. काकींनी पोळी चावता चावता दादाकडं बघितलं, आणि त्याच्या हातावर आणखी एक वाढली.